आपल्या बाजूची चुकीची बातमी

(बडोद्यातील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मकरपुरा हा बडोद्याच्या दक्षिणेचा, कारखान्यांचा आणि कामगारवस्तीचा भाग. तिथे मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचे मुलींसाठीचे निवारागृह. डिसेंबर २०२१ च्या मध्यावर या गृहाविरुद्ध गुजरातच्या धर्मस्वातंत्र्य कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. मुलींना बायबल वाचायला लावतात, गळ्यात क्रूस घालायला लावतात, असे आरोप होते. संस्थेने ते नाकारले. आरोपांचा निवाडा न्यायालयाने करायचा. या व्याख्यानाला रस आहे तो त्यानंतर पंधरवड्याच्या आत घडलेल्या एका प्रसंगात.

त्याच महिन्याच्या २५ तारखेला, ऐन नाताळच्या दिवशी, केंद्रीय गृहखात्याने संस्थेच्या परदेशी देणग्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण नाकारले. २७ तारखेला पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी ट्विटरवर लिहिले की केंद्राने संस्थेची सगळी बँक खाती गोठवली आहेत आणि बावीस हजार रुग्ण व कर्मचारी अन्नऔषधावाचून राहिले आहेत. नाताळ, मदर तेरेसा, गोठवलेली खाती, उपाशी रुग्ण. संपादकाला आणखी काय हवे? बातमी देशाच्या सीमा ओलांडून गेली आणि जगभरच्या ख्रिस्ती मंडळींत हळहळ सुरू झाली.

संस्थेच्या प्रमुख सिस्टर प्रेमा यांच्या सहीने तेव्हा एक छोटे पत्रक निघाले. हितचिंतकांच्या काळजीची दखल घेऊन त्यात सांगितले होते की नोंदणी रद्द किंवा निलंबित झालेली नाही. गृहखात्याने कोणतेही खाते गोठवण्याचा आदेश दिलेला नाही. नूतनीकरणाचा अर्ज मात्र मंजूर झालेला नाही, आणि म्हणून नियमात चूक राहू नये यासाठी परदेशी देणग्यांची खाती तूर्त वापरू नका, असे संस्थेनेच आपल्या केंद्रांना कळवले आहे. बस्स, एवढेच. सहानुभूतीचा पूर आलेला असताना, ज्यांच्यासाठी तो आला होता त्यांनीच उठून सांगितले की बातमीतला मोठा शब्द चुकीचा आहे.

काहींनी याला भित्रेपणा म्हटले. सरकारला दुखवायचे नव्हते, म्हणून सारवासारव केली, असेही बोलले गेले. असेलही, मनातले कोणी पाहिले आहे? पण पत्रकातली वाक्ये तपासता येत होती आणि ती टिकली. अर्ज नामंजूर झाल्याची कडू गोष्टही त्यांनी लपवली नव्हती. ओडिशा सरकारने मुख्यमंत्री निधीतून तिथल्या केंद्रांना ७८ लाखांहून अधिक रुपये दिले आणि ७ जानेवारी २०२२ रोजी नोंदणी पूर्ववत झाली. बडोद्यातल्या फिर्यादीनंतर अवघ्या काही आठवड्यांत एवढे घडले. त्यातले हे पत्रक मात्र बहुतेकांच्या स्मरणात राहिले नाही.

ते स्मरणात राहावे, हा आजच्या बोलण्याचा हेतू. जगात कुठेही संकट आले की ख्रिस्ती माणसाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा मदतीच्या यादीने दिले जाते: दवाखाना, धान्य, तंबू, प्रार्थना. ते सारे चर्चला सवयीने जमते. अडचण असते ती संकटाची हकिगत सांगण्याची. कॅमेरा समोर आला की संकट कोणाच्या तरी कामी येऊ लागते: देणगी गोळा करणाऱ्याच्या, भविष्य सांगणाऱ्याच्या, गाऱ्हाणे मांडणाऱ्याच्या. ख्रिस्ती माणसाची खरी परीक्षा तिथे होते, आणि तिचा निकाल नेहमीच चांगला लागलेला नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूपुढे चक्क ताजी बातमी येते. पिलाताने काही गालिली माणसांना यज्ञ चालू असतानाच मारले, असे लोक येऊन सांगतात. येशू त्यात स्वतःहून दुसरी बातमी घालतो: शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे दगावली. एक सरकारी हिंसा, दुसरा अपघात. आजच्या कुठल्याही वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर शेजारी शेजारी बसतील अशा. सांगणाऱ्यांना बहुधा रोमचा निषेध हवा होता, नाहीतर मेलेल्यांच्या पापाचा हिशेब. येशू दोन्ही देत नाही. मेलेले इतरांपेक्षा पापी होते असे तुम्हाला वाटते का, असे विचारून तोच नाही म्हणतो, आणि विचारणाऱ्यांना आधी स्वतःच्या आयुष्याकडे पाहायला लावतो.

भल्याभल्यांना हे साधलेले नाही. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली. अस्पृश्यता पाप होतीच. पण ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांत अस्पृश्यही होतेच की.

बडोदेकरांना छप्पनियो समजावून सांगायला नको. संवत १९५६, म्हणजे १८९९ सालचा पाऊस गेला आणि गुजरात होरपळले. १८९१ च्या खानेसुमारीत बडोदे संस्थानात २४ लाख १५ हजार माणसे मोजली गेली होती. १९०१ मध्ये ती १९ लाख ५३ हजार भरली. दर पाच माणसांमागे जवळजवळ एक कमी. काही भुकेने गेली, काही पटकीने, काही परागंदा झाली, आणि बरीच मुले जन्मालाच आली नाहीत.

हा दुष्काळ जगाला दिसला तो मुख्यतः ख्रिस्ती छापखान्यांतून. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाचे मालक लुई क्लॉप्श हे मोठे खटपटी गृहस्थ. नव्या करारात येशूचे शब्द लाल शाईत छापण्याची आज सर्वत्र रुळलेली प्रथा त्यांचीच. माणसाचे लक्ष कशाने वेधते हे त्यांना उपजत कळत होते. त्यांनी मिशनऱ्यांकडून आलेली छायाचित्रे छापली: बरगड्या मोजता येतील अशी मुले, आईच्या मांडीवरचे सापळे. हातात धरून काढायचे कॅमेरे तेव्हा नुकतेच स्वस्त झाले होते. वाचकांनी पैसे पाठवले आणि १९०० च्या मे महिन्यात ‘क्विटो’ नावाचे जहाज दोन लाख बुशेल, म्हणजे सुमारे पाच हजार टन मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघाले. जहाजाचे भाडे अमेरिकन सरकारने भरले.

त्या मक्याला नावे ठेवणे हा कृतघ्नपणा होईल. ज्याच्या ताटात तो पडला त्याला छायाचित्राच्या नीतीशी काही कर्तव्य नव्हते. तरीही शंभर वर्षांनंतर ती पाने पाहणाऱ्याला एक गोष्ट टोचते. चित्रातल्या माणसांना नाव नाही, गाव नाही, जमीन नाही, सारा नाही. भूक जणू आकाशातून पडली. त्याच सुमारास ‘मँचेस्टर गार्डियन’चा बातमीदार व्हॉन नॅश याच मुलखांतून फिरत होता आणि शेतसारा, कर्ज, सरकारी मदतकामांवरची मजुरी यांबद्दल लिहीत होता; त्याच साली रमेशचंद्र दत्त कर्झनला जमीनमहसुलावर जाहीर पत्रे लिहीत होते. मिशनच्या साप्ताहिकांना ही खोली फारशी मानवत नसे. कारण ज्या सरकारच्या परवानगीने काम करायचे त्याच्याच साऱ्याबद्दल लिहिणे अवघड, आणि साऱ्याचा तक्ता पाहून ओहायोतल्या आजीबाई डॉलर पाठवत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक खोलवर गेली. दुष्काळाने पोरकी झालेली हजारो मुले मिशनच्या अनाथालयांत आली. ती तिथे वाचली, हे निर्विवाद. पण मिशनच्या अहवालांत जगलेल्या मुलांचा आकडा आणि बाप्तिस्म्यांचा आकडा एकाच आनंदाने छापला जाऊ लागला. लाला लजपत राय यांनी आर्य समाजातर्फे अनाथ मुलांसाठी वेगळी व्यवस्था उभारली ती याच काळात, आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे त्यांनी हा प्रश्न साक्षीत मांडला. लालाजींना सहज धर्मद्वेष्टे म्हणून बाजूला सारता येत नाही. उपाशी मुलाच्या श्रद्धेचा निर्णय जेवण देणाऱ्याने घ्यावा का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर आकड्यांनी दिले गेले. मकरपुऱ्याच्या फिर्यादीत जो संशय दिसतो त्याची मुळे आजच्या राजकारणात आहेत, पण काही मुळे त्या जुन्या अहवालांतही आहेत. ख्रिस्ती समाजाने हे दुसऱ्याने काढण्याआधी स्वतः बोलावे.

याच छप्पनियोत केडगावहून पंडिता रमाबाईंनी गुजरातेत माणसे पाठवली आणि मुली, विधवा, परित्यक्ता यांना पुणे-दौंड रस्त्यावरच्या त्या उजाड स्टेशनावर आणून उतरवले. १९०० च्या सुमारास केडगावच्या त्यांच्या मुक्तिसदनातली संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. रमाबाईंना भूक वाचून ठाऊक नव्हती. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात मद्रास इलाख्यात भटकताना वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण एकामागून एक गेली होती. मुलींना आणायला निघताना त्यांच्या डोळ्यांपुढे ‘हेरल्ड’मधले चित्र नसे, स्वतःच्या आईचे असे.

प्रसिद्धीचे त्यांना वावडे नव्हते, हे मात्र सांगायला हवे. १८८७ चे त्यांचे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत खपले, त्यावर बोस्टनमध्ये मंडळ उभे राहिले आणि त्या मंडळाच्या पैशांवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन निघाले. पुढे ते पुण्यास आले, आणि १८९३ मध्ये त्याच प्रसिद्धीची दुसरी बाजू त्यांनी भोगली. सदनातल्या काही मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून ‘केसरी’ने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सहानुभूतीचे लोक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे उत्तर थोडक्यात असे होते: आपण कोणाला प्रार्थनेला बोलावत नाही, आणि स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी दारही लावून घेत नाही. टीकाकारांचे त्याने समाधान झाले नाही. होण्यासारखेही नव्हते, कारण आश्रयाला आलेल्या मुलीच्या दृष्टीने उघडे दार हेही एक निमंत्रणच असते. पण पुढे केडगावला त्यांनी संस्था ख्रिस्ती आहे हे उघड सांगितले. निधर्मी असल्याचा देखावा केला नाही. टीकेतून घ्यायचे ते त्यांनी एवढे घेतले.

खरी कसोटी १८९७ ची. पुण्यात प्लेग होता, रँडसाहेबाची घरझडती चालू होती, आणि रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या मुंबईच्या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांची काय दशा होते हे मांडले. तक्रार त्यांच्या आश्रयाखालच्या मुलीशी जोडलेली होती. पत्राखाली त्यांची सही होती. ज्या पुण्याने चार वर्षांपूर्वी त्यांना झोडपले त्याच पुण्याच्या बायकांची बाजू त्यांनी घेतली, आणि तीही ज्या सरकारकडे मिशनरी मंडळी सहसा मवाळ नजरेने पाहत त्याच्याविरुद्ध. विलायतेत पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. रमाबाई मागे हटल्या नाहीत.

शेजारीच गोपाळ कृष्ण गोखल्यांची हकिगत ठेवून पाहावी. ते तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून स्नेह्यांची पत्रे येत होती, रमाबाईंचे छापील पत्रही त्यांच्यापुढे होते. त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले की सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांपैकी एकीने जीव दिला, असे कळते. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणारे पुढे येईनात. गोखल्यांनी गव्हर्नरांची आणि लष्कराची विनाअट माफी मागितली आणि स्वकीयांच्याही शिव्या खाल्ल्या. गोखल्यांची सचोटी वादातीत होती, आणि पुण्यात अत्याचार झालेच नाहीत असेही या माफीने सिद्ध होत नाही. फरक एवढाच की रमाबाई आपल्या मुलीबद्दल बोलत होत्या आणि गोखले हजारो मैलांवरून दुसऱ्यांच्या पत्रांवर. आज मोबाइलवर पुढे ढकलला जाणारा प्रत्येक दुःखद मजकूर गोखल्यांच्या जागेवरून ढकलला जातो, आणि तोही त्यांच्याइतके वजन पणाला न लावता.

केडगावची आणखी एक गोष्ट. रमाबाईंनी तिथे छापखाना घातला. दुष्काळातून आलेल्या मुली तिथे खिळे जुळवायला शिकल्या, आणि बाईंनी मूळ भाषांवरून केलेले मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२२ च्या पुढे, तिथेच छापून निघाले. दुष्काळाच्या चित्रांतली मुलगी ‘हेरल्ड’ने पुन्हा शोधली नाही. केडगावला तिच्यासारख्या मुलींच्या हातात छपाईचे खिळे आले.

आता भविष्य सांगणाऱ्यांकडे वळू. युद्ध पेटले, साथ आली, भूकंप झाला की काही ख्रिस्ती मंडळी प्रकटीकरणाचे पुस्तक उघडून तारखा काढू लागतात. अमेरिकेतल्या हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख रेडिओवरून आणि जाहिरातफलकांवरून जगभर गाजवली. २१ मे गेला. मग २१ ऑक्टोबर सांगितला, तोही गेला. पुढच्या वर्षी त्यांनी आपले चुकल्याचे जाहीर केले, हे त्यांच्या पदरी घालायला हवे. बहुतेक भविष्यवाले तेवढेही करत नाहीत. करोनाच्या काळात, युक्रेनमध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये रणगाडे शिरले तेव्हा, गाझात २०२३ पासून, हाच खेळ नव्या नकाशावर मांडला गेला. बेथलेहेम आणि गाझात आजही ख्रिस्ती राहतात, त्यांची घरे पडतात, ही गोष्ट तारखा काढणाऱ्यांच्या नकाशात सहसा नसते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात एक खराखुरा भविष्यवादी भेटतो, त्याचे नाव अगब. मोठा दुष्काळ येणार, असे तो अंत्युखियाच्या मंडळीला सांगतो. ती मंडळी काय करते? हा शेवट आहे का, असे कोणी विचारत नाही. प्रत्येक जण ऐपतीप्रमाणे वर्गणी काढतो, आणि ती यहूदियातल्या भावांसाठी बर्णबा व शौल यांच्या हाती रवाना होते. भविष्य ऐकल्यावर वर्गणी काढणारी मंडळी इतिहासात थोडी, वर्गणी मागून भविष्य सांगणारी पुष्कळ.

गाझाचाच आणखी एक दाखला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथल्या अल-अहली इस्पितळाच्या आवारात स्फोट झाला. हे इस्पितळ जेरुसलेमच्या अँग्लिकन धर्मप्रांताचे. जगातल्या मोठमोठ्या वृत्तसंस्थांनी लगेच इस्रायली हल्ला आणि पाचशे मृत असे मथळे दिले. मग दोन्ही गोष्टींवर वाद उभा राहिला, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पुढे संपादकीय टीप देऊन पहिल्या वृत्तांकनात एका बाजूच्या दाव्यावर फार भिस्त ठेवल्याचे मान्य केले. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी हल्ल्याबद्दल तीव्र दुःख व्यक्त केले, आणि सारी वस्तुस्थिती स्पष्ट होण्याआधी दोष कोणाच्या माथी मारू नका, असेही आवाहन केले. इस्पितळ त्यांच्या चर्चपरिवाराचे होते. संतापाचा पहिला हक्क त्यांचा होता. पुढे गाझाचा विध्वंस एवढा वाढला की त्या आवाहनाची आठवण कोणाला राहिली नसेल, आणि आज काही जण त्याला कचखाऊपणाही म्हणतील. पण त्या रात्री माहीत असलेले आणि माहीत नसलेले वेगळे ठेवणारा दुसरा आवाज शोधावा लागत होता.

आपल्या जवळ यायचे तर डांग. १९९८ च्या नाताळात आहव्याच्या परिसरात ख्रिस्ती आदिवासींची प्रार्थनाघरे जाळली, मोडली गेली. त्यांतली बरीचशी कुडाची, कौलांची, चारचौघांच्या झोपडीएवढी. दिल्लीचे आणि परदेशचे कॅमेरे सापुताऱ्याचा घाट चढून आले. पंतप्रधान वाजपेयी १० जानेवारी १९९९ रोजी येऊन गेले आणि धर्मांतरावर राष्ट्रीय चर्चा व्हावी असे म्हणाले, त्यावरून आणखी महिनाभर चर्चा रंगली. डांगी माणूस या साऱ्या वादात वस्तू झाला. एका बाजूला तो फसवलेला, दुसऱ्या बाजूला छळलेला. त्याने स्वतः श्रद्धा का बदलली, किंवा का बदलली नाही, हे त्याच्याच तोंडून ऐकायला फार थोडे थांबले.

आणि मग पंधरा दिवसांत ओडिशातले मनोहरपूर. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दहा आणि सहा वर्षांचे दोन मुलगे झोपलेली गाडी जाळण्यात आली. ग्लॅडिस स्टेन्स यांच्या दारात सारे जग मायक्रोफोन घेऊन उभे राहिले. त्यांनी मारणाऱ्यांना क्षमा केली, आणि कायद्याने आपले काम करावे असेही सांगितले. यातले पहिले जगभर गाजले, दुसरे मागे पडले, कारण क्षमेचा मथळा होतो, कायद्याचा होत नाही. वास्तविक दोन्ही मिळूनच ती भूमिका होती. नुसती क्षमा म्हणजे खुन्याला मोकळीक, आणि नुसता खटला म्हणजे सूड, असे ऐकणाऱ्याला वाटू शकले असते. त्यानंतर बाई पाच वर्षे बारीपदाला राहिल्या, कुष्ठरोग्यांचे काम चालू ठेवले, २००४ मध्ये नवऱ्याच्या नावाचे इस्पितळ उघडले गेले, आणि मगच त्या ऑस्ट्रेलियाला परतल्या. पद्मश्री २००५ ची.

मणिपूरने या साऱ्या धड्यांची उजळणी करायला लावली. ३ मे २०२३ ला हिंसा सुरू झाली, जुलैत दोन स्त्रियांची धिंड काढल्याचे चित्रण बाहेर आले आणि देश हादरला. पुष्कळ ख्रिस्ती संदेशांत त्याचे वर्णन एका ओळीत झाले: हिंदूंनी ख्रिस्त्यांवर केलेला हल्ला. कुकी-झो बहुतांशी ख्रिस्ती आणि मैतेई बहुतांशी हिंदू, हे खरे. चर्चे मोठ्या संख्येने जळाली, हेही खरे. पण त्यांत मैतेई ख्रिस्त्यांची चर्चेही होती, आणि जमीन, आरक्षण, डोंगर आणि खोरे यांचे जुने भांडण त्याच्या मुळाशी होते. एका ओळीच्या संदेशाने नेमके मैतेई ख्रिस्तीच पुसून टाकले. त्यांची चर्चे त्यांच्याच जातवाल्यांनी जाळली आणि त्यांच्या धर्मबंधूंनी त्यांना हिशेबात धरले नाही.

‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादक असलेले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना हे तारतम्य साधले होते. हरित वसईच्या लढ्यात त्यांनी जमीन आणि पाणी हे सगळ्या धर्मांच्या वसईकरांचे प्रश्न म्हणून मांडले, चर्चचे म्हणून नाही. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला, धमक्यांचे फोन आले. सनसनाटी बातमीचा सारा मसाला तयार होता. दिब्रिटोंनी छळाची कहाणी न लावता संमेलनात झुंडशाहीबद्दल सगळ्यांच्या वतीने बोलणे पसंत केले.

पैशाचा मुद्दा शेवटी येतो, कारण प्रसिद्धीच्या मागोमाग तोच येतो. संकटाचे चित्र दिसले की देणगी येते, आणि देणगी आली की संशय येतो. त्यातला काही खोडसाळ, काही रास्त. यावर पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात फार व्यवहारी तोडगा आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमलेली रक्कम पौल एकटा नेत नाही. तीताबरोबर आणखी माणसे पाठवतो, त्यांतला एक मंडळ्यांनी निवडून दिलेला, म्हणजे एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवायला नको. आणि हे देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही स्वच्छ दिसायला हवे, असे कारणही देतो. बडोद्यात फतेगंजपासून मकरपुऱ्यापर्यंत जी ख्रिस्ती मंडळे आणि संस्था आहेत, त्यांनी पुढच्या पुराला, पुढच्या युद्धाला वर्गणी काढताना हा अध्याय घटनेसारखा वापरावा: रक्कम किती आली, कोणाच्या हातून गेली, कोणाला पोहोचली, चित्रातल्या माणसाला चित्र छापण्याबद्दल विचारले होते का, हे मराठीत आणि गुजरातीत चर्चच्या फलकावर लागावे. तो फलक शेजारच्या देवळातल्या आणि मशिदीतल्या माणसालाही वाचता यावा, आणि लालाजींसारख्या एखाद्याने प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला तिथे कोणीतरी हजर असावे.